टबातली दलदल: भोक कुठे पाडायचं?

कीटकभक्षी झाडं घरी टबात छोटी दलदल करून वाढवता येतात. त्यांना माशा कोण भरवणार, याची चिंता सगळ्यांना. ती मात्र मरतात पाण्यातल्या क्षारांमुळे. ३०० पीपीएम टीडीएसचं (म्हणजे लिटरमागे ३०० मिलिग्रॅम विरघळलेले क्षार असलेलं) पाणी रोज दोन लिटर घातलं, तर महिन्याला सुमारे १८ ग्रॅम क्षार टबात साठतात. पाणी उडून जातं, क्षार तिथेच राहतात. म्हणून पावसाचं, आरओचं किंवा डिस्टिल्ड पाणीच वापरा. टीडीएस ५०च्या आत हवा. मिनरल वॉटर अजिबात नको.

टब प्लास्टिकचा, निदान ३० सेंटीमीटर खोल. मातीची कुंडी पाणी शोषून लवकर कोरडी पडते आणि तिच्यातले क्षारही झिरपतात. आता मुख्य काम. भोक तळाला नाही, बाजूला पाडायचं, टबात भरायच्या मिश्रणाच्या पृष्ठभागाखाली ८ ते १० सेंटीमीटरवर. त्यामुळे खालचा थर कायम चिंब राहतो आणि मुसळधार पावसातही झाडाचा गड्डा (मुळांच्या वरचा जाड भाग) बुडत नाही. बिनभोकाच्या टबात पावसाचं पाणी साचून राहिलं तर व्हीनस फ्लायट्रॅप (सापळ्यासारखी मिटणारी पानं असलेलं झाड) कुजू शकतो.

मिश्रण: पीट मॉस (दलदलीतल्या अर्धवट कुजलेल्या शेवाळाचा भुगा) आणि परलाइट (हलके पांढरे खनिज दाणे) समसमान. परलाइटऐवजी धुतलेली सिलिका वाळू चालते, पण आधी चिमूटभर वाळूवर व्हिनेगर टाका. बुडबुडे आले की त्यात चुना आहे, फेकून द्या. कोकोपीटमध्ये बऱ्याचदा मीठ असतं, त्यामुळे मी ते सुचवणार नाही. कोरडं पीट पाण्यावर नुसतं तरंगत राहतं. कोमट पाणी थोडं थोडं घालत हातांनी मळा. मूठ आवळल्यावर चार-दोन थेंब गळले म्हणजे झालं. खत, शेणखत, गांडूळखत यांतलं काहीही नको.

सारासेनिया (सुरईसारख्या उभ्या पानांत कीटक पकडणारं झाड) मध्यभागी, तिला ओल जास्त चालते. फ्लायट्रॅप कडेच्या थोड्या उंचवट्यावर. ड्रोसेरा (पानांवरच्या चिकट थेंबांनी कीटक पकडणारं झाड) मधल्या जागांत. घटपर्णीला (लोंबत्या घटांची नेपेंथेस) यात घालू नका, तिच्या मुळांना हवा लागते. ऊन रोज किमान सहा तास हवं, नाहीतर सारासेनियाच्या सुरया लांबुडक्या होऊन आडव्या पडतात.

फ्लायट्रॅपच्या सापळ्यात बोट घालायचा मोह आवरा. आतल्या केसांना सुमारे वीस सेकंदांत दोनदा स्पर्श झाला की तो मिटतो, पण एक सापळा अशी उघडझाप मोजक्याच वेळा करू शकतो. मांसाचे तुकडे तर नकोच, ते सडतात आणि सापळाही काळा पडतो. अशक्त रोपाला फुलाचा दांडा आला तर बोटभर वाढताच कापा.

थंडीत फ्लायट्रॅप आणि सारासेनिया तीन-चार महिने विश्रांती घेतात. पानं काळी पडतात आणि लोक झाड मेलं समजून उपटतात. आधी बाजूची माती सारून गड्डा हलकेच दाबून बघा. टणक लागला तर टब तसाच ओला ठेवा. मऊ पडून तपकिरी झाला असेल तरच काढा.