टेक्सोमावरचे स्ट्रायपर
आज अमेरिकेत टेक्सास-ओक्लाहोमाच्या सीमेवरच्या लेक टेक्सोमा तलावावर स्ट्रायपर (पट्टेदार बास मासे) धरायला गेलो होतो. शरदात पाणी निवलं की हे मासे कळपानं वर येऊन शॅड या छोट्या माशांवर तुटून पडतात. सीगल घिरट्या घालताना दिसले की बोट तिकडेच वळवायची. आमिष जिवंत शॅडचं, गोल टाकीत जपलेलं. गळ नाकपुड्यांतून अलगद ओवला की शॅड खाली नीट पोहत राहतो. मग दांडा एकदम वाकतो, रीळ करकरतं... काय सांगू!

मला खरं अप्रूप वेगळंच वाटतं. स्ट्रायपर हा मूळचा समुद्रातला मासा. त्याची अंडी फुटेपर्यंत वाहत्या पाण्यात राहावी लागतात. बहुतेक तलावांत म्हणूनच पिल्लं आणून सोडतात. इथे मात्र रेड आणि वॉशिटा नद्यांमुळे तो आपोआप वाढतो.

रात्री कोकम घालून कालवण केलं. मांस पांढरं, घट्ट. पोरांनी भात दोनदा मागितला.