पाऊस नाही, तरी पालवी

चैत्र वद्य षष्ठी

मृगाला अजून दीड-दोन महिने आहेत, कन्नड गावात दुपारी घराबाहेर पडवत नाही, आणि जवळच्या गौताळा अभयारण्यात अंजनाचं झाड पालवलंय.

गावात म्हणतात, "आता काय बघायला जाता, सगळं वाळून कोळ झालंय." अभयारण्य जाहीर झालं १९८६ साली, विस्तार सुमारे २६० चौरस किलोमीटर, पण बहुतेकांना ते आठवतं श्रावणात, धबधब्यांपुरतं. मला विचाराल तर या जंगलाचं वर्ष चैत्रातच सुरू होतं. पळसाचा बहर ओसरला, सलई अजून उघडीच आहे, खोडावरचे पातळ पापुद्रे वाऱ्यानं थरथरतात. अशात अंजनाच्या फांद्या तांबूस-कोवळ्या दिसायला लागतात.

आज एक डहाळी वाकवून नीट पाहिली. एका देठावर दोनच पानं, बुडाशी एकमेकांना चिकटलेली, आपट्याचं पान मधोमध चिरत न्यावं तशी. बोटाला मऊ लागतात. हिरवं द्रव्य अजून पुरतं भरलेलं नाही, म्हणून हा तांबूस रंग. पाऊस नसताना पानं फुटतात कशी? जुनी पानं गाळली की झाडातून पाणी उडून जाणं जवळजवळ थांबतं, आणि खोल गेलेली मुळं मुरुमाच्या, खडकाच्या भेगांतली ओल वर चढवत राहतात. शिवाय पावसाळ्यात किडे-अळ्यांचं पेव फुटतं, तोवर ही पानं निबर झालेली असतात. कोवळेपणाचे दिवस झाड उन्हातच काढून घेतं!

पाणवठ्याच्या वाटेवर तरसाची विष्ठा दिसली, हाडांतल्या चुन्यानं पांढरीफटक. चिखलात रोह्यांचे, म्हणजे नीलगायींचे, खूर उमटलेले. पावशा "पेरते व्हा, पेरते व्हा" ओरडून जीव काढतोय. २०२१ मध्ये यवतमाळकडच्या टिपेश्वरहून एक वाघ मजल-दरमजल करत इथवर आला होता. त्याला इथे थांबावंसं वाटलं, ही गोष्ट मी येईल त्याला सांगते.

जंगलाच्या कडेला शेळ्या राखणारे आबा भेटले. म्हणाले, "बाई, यंदा अंजनाला शेंगा लई. मागल्या साली नव्हत्या." खरंच आहे, अंजनाला दरवर्षी असं बी धरत नाही. शेंग चपटी, हलकी. बी एकच, तेही अगदी टोकाला. उरलेली सगळी शेंग म्हणजे पंख. वारा सुटला की झाडापासून लांब जाऊन पडते.

आणि ती जिथे पडायची, तिथेच उतारावर मोठा काळा डाग दिसला. जाळलेलं गवत. गवत जोमानं येतं म्हणून पेटवतात, कुणी विडी टाकून जातं. मला याचा फार राग येतो. फांदीवरची पालवी वाचते, पण बुडाची हातभर रोपं, पाचोळ्यातलं बी, जमिनीवर घरटं करणारी टिटवी-रातवा यांचं काय? इतक्या वर्षांनी धरलेलं बी राखेत जाऊ नये, एवढंच वाटतं.

वनरक्षकदादांना जागा दाखवली. त्या अंगाची जाळरेषा, म्हणजे वणवा अडवायला मोकळी राखलेली पट्टी, गवतानं बुजली आहे. परवा सकाळी उन्हं तापायच्या आत ती साफ करायची ठरलंय. आबा विळे आणतो म्हणालेत.