रडीचा डाव

दुपारी खाली पार्किंगमध्ये गलका झाला म्हणून गॅलरीत गेलो. एक पोरगा बॅट काखेत मारून लिफ्टकडे निघाला होता आणि बाकीचे मागून 'रडीचा डाव खडी' ओरडत होते. मला लगेच भाऊसाहेब निंबाळकर आठवले. मला नेहमी तेच आठवतात. घरात याचा सगळ्यांना कंटाळा आलाय.

डिसेंबर १९४८, पुणे, रणजीचा सामना, समोर काठियावाड. भांडारकरांबरोबर दुसऱ्या विकेटला ४५५ धावा जोडून कोल्हापूरचा हा गडी खेळतच राहिला. नाबाद ४४३. ब्रॅडमनचा तेव्हाचा विश्वविक्रम ४५२चा. म्हणजे बरोबरीला नऊ कमी. मधल्या सुट्टीत काठियावाडचे कप्तान, राजकोटचे ठाकोरसाहेब, सामना सोडून संघासकट चालते झाले. बॅट त्यांची नव्हती, तरी!

महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ झाल्या होत्या. एवढा वेळ उन्हात चेंडू आणून द्यायचा म्हणजे... पण नको, त्यांची बाजू घ्यायला लागलो की बायको माझ्याकडे बघते.

कारण आमच्या वाड्यात बॅट माझी होती. मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळलेली, खालून फुटलेली, पण माझी. एकदा समोरच्या बिऱ्हाडातला आउटच होईना. हौदाच्या कट्ट्यावर एक टप्पा, न्हाणीच्या पत्र्यावर दोन धावा, सगळं त्याला पाठ. आईनं जेवायला हाक मारली. एरवी पाच हाकांशिवाय न हलणारा मी पहिल्याच हाकेला बॅट घेऊन वर गेलो. पिठलं होतं.

निंबाळकर पुढेही खेळत राहिले. होळकर, राजस्थान, रेल्वे अशी कितीतरी ठिकाणं झाली. प्रथम श्रेणीत सरासरी ४७च्या वर, कसोटी एकही नाही. प्रथम श्रेणीत त्या ४४३च्या पुढं अजून एकही भारतीय गेलेला नाही. २०१२ साली गेले ते त्र्याण्णव पुरी व्हायच्या आदल्या दिवशी. तिथंही एक कमी.

मागं एका लग्नात तो समोरच्या बिऱ्हाडातला भेटला. टक्कल, बायपास, नातू, सगळं झालंय. पंगतीत शेजारी बसलो. मी अर्थातच विषय काढला नाही. वाढपी जिलबी घेऊन आला, त्याला यानं ताटावर आडवा हात धरला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "एकोणपन्नास होते हं माझे."