वाळत घातलेले कप

स्टुडिओ बघायला आलेलं माणूस आधी चाकाकडे जातं. मोबाइल बाहेर निघतो, ‘जरा फिरवून दाखवा ना’ होतं आणि माती वर चढायला लागली की ‘अहाहा’ होतं. माझी तक्रार नाही, चाकावर बसलं की मलाही अजून बरं वाटतं. पण चाकावर कप होतो चार-पाच मिनिटांत. पुढे कित्येक दिवस तो फळीवर नुसता बसून असतो. खरा धंदा तो, आणि त्याचा व्हिडिओ अजून कुणी काढलेला नाही.

वेंगुर्ल्याजवळ, समुद्राची गाज ऐकू येईल अशा जागी स्टुडिओ थाटला की मातीपेक्षा हवेचीच मर्जी जास्त सांभाळावी लागते. चाकावर घेतलेल्या मातीत वजनाने साधारण पाव हिस्सा पाणी असतं. ते उडून जाताना मातीचे कण एकमेकांजवळ सरकतात आणि भांडं आक्रसतं. उरलंसुरलं आक्रसणं भट्टीत होतं. ओला असताना १० सेंटिमीटर उंच असलेला कप शेवटी हातात येतो तेव्हा पावणेनऊच्या आसपास भरतो. आक्रसायला माझी हरकत नाही, सगळीकडून सारखं आक्रसावं एवढंच म्हणणं. ते काही होत नाही. कड आधी सुकते, बूड मागे राहतं. हँडल बिचारं बारीक, त्याला चारी बाजूंनी वारा, म्हणून ते कपाच्या आधी सुकून आखडतं आणि सांध्याशी तडा देतं. बश्यांच्या कडा तर मनाला येईल तशा वर उचलतात. मग कप लेदर-हार्ड, म्हणजे चामड्याइतके घट्ट, झाले की पालथे घाला, हँडलांना प्लास्टिकच्या पट्ट्या गुंडाळा, बश्यांच्या कडा झाका आणि मधला भाग उघडा ठेवा, असले उद्योग. आमच्या घरात पातळ प्लास्टिकची पिशवी कचऱ्यात जात नाही.

वारासुद्धा इथे दोन पाळ्यांत येतो. थंडीच्या दिवसांत रात्रभर आणि सकाळी मतलई, म्हणजे जमिनीकडून दर्याकडे जाणारा कोरडा वारा. दुपार कलली की खारा वारा सुटतो, ओला आणि चिकट. डिसेंबरात सकाळी फळ्या उघड्या सोडून बाजाराला गेलं तर परत येईपर्यंत कडा पांढऱ्या पडलेल्या असतात. तेच कप दुपारी ठेवले तर संध्याकाळीही जसेच्या तसे. हवामानाचा अंदाज मी होडीवाल्यांइतक्याच आस्थेने बघते. माझ्या या आस्थेवर त्यांचा विश्वास बसत नाही.

हवेत पाणी भरपूर असलं की बाष्पीभवन मंदावतं, आणि माठ गार होतो तो बाष्पीभवनानेच. छिद्रांतून झिरपलेलं पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं. म्हणून विदर्भातल्या कोरड्या उन्हाळ्यात माठातलं पाणी दात शिवशिवतील इतकं गार होतं, आणि आमच्या पडवीतल्या माठातलं जेमतेम प्यायला बरं. पाहुणे माठाला नावं ठेवतात. कुंभाराचा त्यात काही दोष नसतो.

इथले पिढीजात कुंभार या बाबतीत शहाणे. मातीत रेती मिसळायची, म्हणजे पाण्याला बाहेर पडायला वाट राहते आणि मडकं तडकत नाही. शेणी-पेंढ्याचा आवा मिरगाच्या आधी लावून मोकळं व्हायचं. पावसात चाक बंद, शेती सुरू. मी मात्र स्टोनवेअरच्या, म्हणजे जास्त आचेवर भाजून दगडासारख्या पक्क्या होणाऱ्या भांड्यांच्या, नादाला लागले, बाराही महिने विजेची भट्टी चालवायचा हट्ट धरला. स्टोनवेअरची माती परगावाहून गोण्यांतून येते. खाडीची माती फुकट आहे, पण तिच्यात लोह इतकं की १२०० अंशांपुढे ती फुगते, वितळते. शिवाय तिच्यात शिंपल्यांचे कण असतात. भट्टीत त्यांचा कळीचा चुना होतो, भांडं बाहेर काढल्यावर तो हवेतली ओल पितो, फुगतो आणि वरचा टवका उडवतो. कधीकधी भांडं गिऱ्हाइकाच्या घरी पोचल्यावर. ओल इथेही पाठ सोडत नाही.

जुलैत आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास जाते. कप आठवडाभर बसून राहतात, दिसतात कोरडे, आणि गालाला लावले की गार लागतात. गार लागला म्हणजे आत ओल आहे. हे आमचं यंत्र, आणि अजून तरी फसलेलं नाही. ओला कप तसाच भट्टीत ढकलला तर १०० अंशांना आतल्या पाण्याची वाफ होते आणि कपाच्या ठिकऱ्या शेजारच्या बश्यांत सापडतात. म्हणून पावसाळ्यात ‘कँडलिंग’ करायचं, म्हणजे झाकण किंचित उघडं ठेवून भट्टी रात्रभर शंभराच्या आत तापवत ठेवायची. भट्टी लागली की पुढच्या खेपेचे कप तिच्याजवळ शेकायला. वीज गेली की सगळ्यांनीच वाट बघायची. खाऱ्या हवेने भट्टीचा पत्रा गंजतो तो वेगळाच, दर उन्हाळ्यात त्याला रंग द्यावा लागतो.

एकदा वाळून हजारेक अंशांत पहिली भाजणी झाली की माझा जीव खाली पडतो. ग्लेझचं, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या लेपाचं, काम त्या मानाने चैनीचं. भारतात मिळणाऱ्या कच्च्या मालावर ग्लेझ तपासून त्यांच्या कृती लिहून ठेवण्याचं मोठं काम निर्मला पटवर्धन यांनी केलं, त्या वाटेने जाताना मी आसपासचं काही ना काही घालून बघते. चिरेखाणीतला जांभ्याचा भुगा चाळून घातला की त्यातल्या लोहामुळे तपकिरी-काळा रंग येतो. भाताच्या तुसाची राख जवळजवळ सगळी सिलिका, चुलीतल्या लाकडाच्या राखेत चुना आणि पोटॅश. चुलीत आज आंब्याचं लाकूड, उद्या काजूचं, परवा नारळाच्या झावळ्या, म्हणून तोच रंग दुसऱ्यांदा येईलच असं नाही. सहाच्या सहा कप एका रंगाचे हवे असणाऱ्यांनी कारखान्याचे घ्यावेत, स्वस्तही पडतात. आणि जांभा तरी काय, खाणीतून ताजा काढलेला चिरा मऊ असतो, तासता येतो, मग हवेवर राहून कडक होतो. म्हणजे माझ्या स्टुडिओच्या भिंतीसुद्धा वाळवलेल्याच.

ती राख मला शेजारच्या काकी देतात. त्यांनी एकदा कपाची किंमत विचारली. मी साडेचारशे म्हटलं. त्यांनी कप उलटा करून बुडाकडे पाहिलं, पुन्हा सुलटा केला आणि म्हणाल्या, “आत चाय घालून देतंस काय गो?” दोन भाजण्या, तुटफूट, विजेचं बिल हे सगळं मी सांगायला घेतलं. त्यांचा चेहरा काही हलला नाही. मग सुकवण्याचं सांगितलं, आणि तिथे मात्र त्या पायरीवर टेकल्या. त्या दर मे महिन्यात सोलं करतात. रातांब्याची सालं उन्हात घालायची, रसात बुचकळायची, परत उन्हात, आणि हे सगळं पाऊस यायच्या आत. अवकाळी सर आली की बुरशी. “पावस लागलो काय माजी सोलां पण सुकनत नाय,” त्या म्हणाल्या, आणि पडवीत कप कुठल्या बाजूला ठेवावेत यावर दोन सूचना देऊन गेल्या. एक बरोबर निघाली. किंमत अजूनही त्यांना पटलेली नाही.

जुलै-ऑगस्टात माझ्या दुःखाला भागीदार मिळतो तो वाटेवरच्या गणपतीच्या शाळेत. घराघरांतून आलेले पाट भिंतीशी उभे असतात, शाडूच्या मूर्ती ओल्या, चतुर्थी जवळ आलेली. मूर्तिकार पंखे आणि हॅलोजन लावून बसतो, आणि हॅलोजन जवळ सरकवला की गणपतीच्या सोंडेला बारीक तडे. सोंड म्हणजे माझं हँडलच. आम्ही दोघं सोंड कशी झाकावी यावर बोलतो आणि चहा पितो. त्याला भट्टी नाही याचा मला हेवा वाटतो, मला मुहूर्त नाही याचा त्याला.

चतुर्थी झाली की त्याचे दोन हॅलोजन मी मागून आणते, कारण दिवाळीच्या ऑर्डरी नेमक्या परतीच्या पावसात वाळवायच्या असतात. भाडं तो पैशांत घेत नाही, दर वर्षी एक मग घेतो. हँडल मात्र त्याला चार बोटं आरामात मावतील असं मोठं लागतं, आणि मोठं हँडल वाळवायला सगळ्यात वाईट.