मण्यार की कवड्या?

पावसाळ्यात रात्रपाळीला सर्पदंशाचे रुग्ण येणं आम्हाला नवं नाही. कोल्हापूरच्या चहूबाजूंनी ऊस, उसात उंदीर आणि उंदरांमागं साप. पण पन्हाळ्याच्या पायथ्याकडून आणलेला तो पोरगा मी विसरू शकत नाही.

विशीतला, गोठ्याशेजारी जमिनीवर झोपलेला. दोघांनी धरून आणला तेव्हा जोरजोरात धापा टाकत होता, हाताची बोटं आत वळून ताठ झालेली. "गळा आवळतोय," एवढंच म्हणत होता. चुलता रडकुंडीला आलेला. "डॉक्टर, मण्यार हाय. पांढरं पट्टं बघितल्यात आमी." आणि पोराला पुन्हा पुन्हा विचारत होता, "डोळं जड झालं का रं? जीभ जड पडली का?" प्रत्येक प्रश्नागणिक पोरगा आणखी खचत होता.

चुलत्याला मी आधी बाहेर बसवलं. मण्यारच्या विषानं पापण्या पडतात, गिळता येईनासं होतं, पुढं श्वासाचे स्नायू लुळे पडतात. हे तपासावंच लागतं, पण लक्षणाचं नाव न घेता. घाबरलेल्या माणसाला "पापण्या जड वाटतात का?" असं विचारलं की त्या जड वाटायलाच लागतात. म्हणून म्हटलं, "माझ्या बोटाकडं बघ. वर. बघतच राहा." पापण्या ढळल्या नाहीत. मान उशीवरून उचलायला सांगितली, उचलली. एका दमात आकडे म्हणायला लावले. आधी अडखळला, मग वीसच्या पुढं गेला. रक्तातला ऑक्सिजन उत्तम. बोटं वळली होती ती अतिवेगानं श्वास घेतल्यामुळं. त्यात कार्बन डायऑक्साइड घटतो आणि स्नायू आखडतात.

सोबतच्या मित्रानं साप न मारता लांबून फोटो काढला होता, फार शहाणपणाचं काम. मोठा करून पाहिला. पट्टे मानेपासूनच सुरू, पुढं ठळक, शेपटीकडं पुसट. मण्यारचे पट्टे बहुधा जोडीजोडीनं असतात, डोक्यामागं विरळ आणि शेपटीकडं स्पष्ट. तिच्या पाठीच्या मधोमध मोठ्या षटकोनी खवल्यांची ओळ असते, तीही नव्हती. कवड्या. बिनविषारी. जीवशास्त्रज्ञ लिनियसनं १७५८ मध्ये नोंदवलेली ही जात अजूनही मण्यार समजून मारली जाते.

"तुला काही झालेलं नाही" असं मी त्याला म्हटलं नाही. फोटो पुढं धरला, पट्टे कुठून सुरू होतात ते दाखवलं, आणि माझ्याबरोबर सावकाश श्वास सोडायला लावला. हळूहळू बोटं सुटली. अपाय होणार या धास्तीनंच शरीराला अपाय जाणवतो, त्याला वैद्यकात नोसिबो म्हणतात. वॉल्टर केनेडी यांनी १९६१ मध्ये हा शब्द वापरला. त्या रात्री मी तो डोळ्यांसमोर बघत होतो.

प्रतिविष दिलं नाही. ते घोड्याच्या रक्तद्रवापासून बनतं, त्याची गंभीर रिअ‍ॅक्शन येऊ शकते. विषबाधेची लक्षणं नसताना ते टोचायचं नसतं. पण नुसत्या फोटोच्या भरवशावर घरीही सोडलं नाही. मण्यारच्या दंशाची लक्षणं कित्येक तासांनी उमटू शकतात, म्हणून धनुर्वाताचं इंजेक्शन देऊन २४ तास ठेवून घेतलं आणि पापण्या, मान, श्वास पुन्हा पुन्हा तपासत राहिलो.

सोडताना चुलत्यानं हळूच विचारलं, "म्हंजे पोरगं नाटक करत हुतं व्हय?"

"अजिबात नाही काका. त्याचा जीव खरंच घुसमटत होता. गावात कुणी त्याला चिडवलं तर तुम्हीच गप्प करा."