पावतीपुस्तक आणि फेझंट

परवा आईला फोनवर म्हटलं, "ठेवते गं आता, जुगाराचा अर्ज भरायचाय." पलीकडे इतकी शांतता की मला वाटलं लाइन कट झाली.

अर्ज खरंच जुगाराचा होता. इथे अमेरिकेत, मिनेसोटात एखाद्या संस्थेला मोठी सोडत काढायची असेल तर राज्याच्या गॅम्बलिंग कंट्रोल बोर्डाची दारं ठोठवावी लागतात. तिकिटावर क्रमांक, किंमत, सोडतीची तारीख, जागा, सगळं छापलेलं पाहिजे. आमच्या सोडतीतली बक्षिसं म्हणजे बंदुका. हे आईला अजून सांगितलेलं नाही. ती ब्लॉग वाचत नाही म्हणून इथे लिहितेय.

तर मी 'फेझंट्स फॉरेव्हर'च्या आमच्या काउंटीतल्या शाखेची खजिनदार आहे. फेझंट म्हणजे कोंबडीच्या जातीचा, लांब शेपटीचा शिकारीचा पक्षी. संस्था शिकाऱ्यांची, आणि मी अंडंसुद्धा खात नाही. चार वर्षांपूर्वी शेजारचा मक्याचा शेतकरी म्हणाला, वार्षिक जेवणाला दारात पैसे घ्यायला कोणीतरी हवंय, तुला आकडे जमतात ना? भारतीय म्हणजे गणित, हे त्याने गृहीत धरल्याचा राग आला. पण मला जमतातच, त्याला काय करणार! सोलापुरात बाबा आमच्या पेठेतल्या गणेश मंडळाचे खजिनदार होते. नवव्या वर्षापासून पावत्या फाडतेय मी. बाबांचा हिशोब जुळेना की रात्री बारापर्यंत नाण्यांचे ढीग मांडून बसायचे, आणि शेवटी कमी पडतील तेवढे गुपचूप खिशातून टाकायचे. आई म्हणायची, मंडळाचा खजिनदार म्हणजे घराच्या पाकिटाला भोक.

ही संस्था १९८२ साली सेंट पॉलमध्ये सुरू झाली. फेझंट कमी होताहेत कारण त्यांना अंडी घालायला गवतच उरलेलं नाही, असं एका स्थानिक पत्रकाराने लिहिलं आणि शिकारी कामाला लागले. आता सभासदत्वाची वर्गणी मुख्य कार्यालयाला जाते. पण शाखेने आपल्या जेवणातून, सोडतीतून, लिलावातून जे जमवलं ते कुठे घालायचं हे शाखाच ठरवते. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच, आणि ती मी एवढ्यांदा सांगितलीय की नवरा आता विषय निघाला की कचरा टाकायला जातो.

पण खरंच विचार करा. टायरवाल्याने टायर दिले, बियाणांच्या दुकानाने बियाणं, चर्चच्या आज्यांनी शिवलेली गोधडी (इथे तिला क्विल्ट म्हणतात, पण गोधडीच ती). हे सगळं लिलावात गेलं, आणि त्याच पैशातून गावाबाहेरचा ऐंशी एकरांचा तुकडा घेऊन राज्याच्या वन्यजीव खात्याला देऊन टाकला. आता तिथे कोणीही जाऊ शकतं, बंदूक घेऊन किंवा न घेता. टायरवाला कामावर जाताना रोज ते गवत बघतो. पुढच्या वर्षी त्याच्याकडे टायर मागायला जावं लागत नाही, तोच विचारतो.

आमच्या अध्यक्षबाई पंचाहत्तरीच्या. त्यांचा पहिला धडा, पैसे कोणाकडे मागायचे नाहीत, टेबल भरायला सांगायचं. प्रत्येक टेबलाला एक 'टेबल कॅप्टन', त्याने आपली सात माणसं आणायची. चाळीस कॅप्टन मिळाले की हॉल भरला. दुसरा धडा, तारीख ठरवताना आधी शाळेच्या कुस्त्यांचं वेळापत्रक बघायचं, मग पेरणीचं, मग चर्चचं. तिसरा, कमिटीत दरवर्षी दोन नवीन माणसं आणि त्यांतलं एक शिकार न करणारं. मी त्या कोट्यातली. आणि भाषण पाच मिनिटांच्या वर नाही. (आपल्या मंडळांना बाकी सगळं येतं. हे शेवटचं सोडून.)

बंदुकांचं मला अजून पचत नाही. जिंकणाऱ्याला ती तशीच हातात मिळत नाही, परवानाधारक विक्रेत्याकडे पार्श्वभूमी तपासून मगच मिळते, एवढं बरं. बंदुका-काडतुसांवर केंद्राचा दहा-अकरा टक्के कर आहे आणि १९३७ च्या कायद्याने तो वन्यजीवांवर खर्च होतो, हे कळल्यावर तर माझी अडचण वाढलीच. पक्षी मारणाऱ्याच्या पैशाने पक्षी वाढतात, हे आमच्या घरात कोणाला कसं समजावू?

एकदाच गेले त्यांच्याबरोबर, रिकाम्या हाती. मिनेसोटात फेझंटची शिकार सकाळी नऊच्या आत सुरू करता येत नाही. सगळे नारिंगी टोप्या घालून गाड्यांशी कॉफी पीत घड्याळाकडे बघत उभे. मग गवतात शिरलो. कुत्रा थबकला. पायाजवळून भर्रकन काहीतरी उडालं, माझं काळीज तोंडात. कोणीतरी ओरडलं, "हेन! हेन!" आणि चार बंदुका एकदम खाली. मादी होती. मादी मारायची नाही, हा कायदा. बघायला तिथे कोणी फॉरेस्टवालं नव्हतं. अर्ध्या तासाने एक नर पडला, तेव्हा मी पाठ फिरवली. पण त्या खाली आलेल्या चार नळ्या डोळ्यांपुढून जात नाहीत.

एक टोचतं, तेही सांगते. फेझंट इथला नाहीच. १८८० च्या दशकात शांघायमधल्या अमेरिकन वाणिज्यदूताने चीनहून ओरेगॉनला पाठवलेला. इथला अस्सल पक्षी प्रेअरी चिकन, तो आमच्या भागात औषधालाही दिसत नाही. राज्यातलं मूळ माळरान जेमतेम एक-दीड टक्का उरलंय. म्हणजे परक्या पाहुण्यासाठी एवढा थाट? अध्यक्षबाईंना विचारलं तर म्हणाल्या, गवत लाव, कोण राहायला येतं ते गवत ठरवतं. (परक्या पाहुण्याबद्दल मी फार बोलू नये, हेही खरं.)

गवत लावलं थंडीत, बर्फावर. बी नुसतं फेकायचं, बर्फ वितळताना ते आपोआप मातीत शिरतं. बिग ब्लूस्टेमचं बी मुठीत घेतलं तर कुसळांसारखं मोज्यांना चिकटलं. हे गवत आपल्या ज्वारीच्याच गोतावळ्यातलं. तिथेच उभ्या उभ्या मला सोलापूरजवळचं नान्नज आठवलं. कुसळी, पवन्या, आणि सहलीच्या बसमधून दिसलेला एक करडा ठिपका, ज्याला सर माळढोक म्हणाले.

नान्नजचं अभयारण्य १९७९ चं. कागदावर साडेआठ हजार चौरस किलोमीटर, त्यात गावं, शेतं सगळं आलं. जमिनीचे व्यवहार अडकले आणि माळढोक हा शब्द शिवीसारखा झाला. पुढे क्षेत्र सव्वाबाराशेवर आणलं, तोवर पक्षी अगदी थोडे उरले होते. इथे अमेरिकेत १९८५ च्या कायद्याने शेतकऱ्याला जमिनीत गवत राखायचं वर्षाला भाडं मिळतं. मिनेसोटात रस्त्याकडेचं गवतसुद्धा, कडेचे पहिले आठ फूट सोडून, ३१ जुलैपर्यंत कापत नाहीत. घरट्यांसाठी.

आता कोणी म्हणेल, मग सोलापुरात असताना तू काय केलंस? काही नाही. सहल केली. तेव्हा कोणी हातात पावतीपुस्तक दिलं असतं तर नक्की घरोघर फिरले असते, असं मी स्वतःला सांगत असते. आपल्याकडे मंडळं कमी नाहीत, माणसं कमी नाहीत. माळरानासाठी वर्गणी मागायला कोणी आलंच नाही.

शनिवारी जेवण झालं. बेचाळीस टेबलं. गोधडी अकराशे डॉलरला गेली, बंदुकीहून जास्त. रात्री साडेअकराला रिकाम्या हॉलमध्ये मी आणि अध्यक्षबाई नोटा मोजत बसलो. तीनदा मोजल्या. सात डॉलर कमी. त्या कॉफी आणायला उठल्या तेवढ्यात मी पर्स उघडली.

सकाळी आईने विचारलं, "काय गं, त्या जुगाराचा हिशोब जुळला का?"

जुळला, म्हटलं.