द्राक्षं तोडून स्पॉन्सरशिप मिळत नाही

गावाकडून हल्ली सगळ्यांचा एकच प्रश्न असतो. वर्किंग हॉलिडेवर ऑस्ट्रेलियात जायचं, एखाद्या शेतावर जीव तोडून राबायचं, मालक खूश झाला की तो स्पॉन्सर करतो, असंच ना? नाही, असं नाही. मालक खूश झाला की फार तर बार्बेक्यूला बोलावतो. स्पॉन्सरशिप, म्हणजे मालकाने कामाच्या व्हिसासाठी तुमची जबाबदारी घेणं, हे वेगळंच प्रकरण आहे आणि त्यातलं निम्मं काम भारत सोडायच्या आधीच उरकलेलं असावं लागतं.

मी निफाड तालुक्यातली, राहुरीची कृषी पदवीधर. इथे येण्याआधी नाशिकला एका द्राक्ष निर्यातदाराकडे फील्डवर होते. सप्टेंबर 2024 पासून 462 हा वर्क अँड हॉलिडे व्हिसा भारतीयांना खुला झाला. वय 18 ते 30, वर्षाला 1,000 जागा, 25 डॉलर भरून सोडतीत नाव टाकायचं. पहिल्या दोन आठवड्यांतच 40,000 जणांनी नावं टाकली. म्हाडाच्या घरासारखाच प्रकार. माझं नाव लागलं ते निव्वळ नशिबाने, त्यामुळे त्यावर सल्ला द्यायला माझ्याकडे काही नाही.

आले ती मिल्डुराला. राज्य व्हिक्टोरिया, पण मेलबर्नपेक्षा अ‍ॅडलेड जवळ. चाफी बंधूंनी 1887 मध्ये मरे नदीचं पाणी उचलून इथे बागायत सुरू केली, नाहीतर सगळा रखरखाट. फेब्रुवारीत पारा चाळिशी ओलांडतो, म्हणून तोडणी उजाडताच सुरू होते. वेल तेच, पण चक्र निराळं. हिवाळ्यात पानं झडून बाग झोपते आणि छाटणी एकदाच होते. आपल्याकडे एप्रिलची खरड आणि ऑक्टोबरची गोडी अशा दोन छाटण्या करतो हे सांगितलं, तर सुपरवायझरला खरंच वाटेना. फोटो दाखवावे लागले.

तोडणीला येणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. पेटीवर पैसे ठरले असले तरी एप्रिल 2022 पासून तासाच्या किमान मजुरीची हमी आहे, ती मागायला लाजू नका. आणि या व्हिसावर एका मालकाकडे सहा महिन्यांपेक्षा जास्त राहता येत नाही हे खरं, पण पीक-लागवडीच्या कामाला त्यातून सूट आहे. मेलबर्नला कॅफेत लागलेल्या माझ्या मैत्रिणीला ती नव्हती. मालकीणबाईंना तिला ठेवून घ्यायचं होतं, तरी सहा महिने होताच तिला निघावं लागलं.

माझं काम कशामुळे झालं? तोडणीचा वेग माझा बेताचाच. पण एके दुपारी पॅकिंग शेडमध्ये मालक फवारणीच्या नोंदी घेऊन वैतागून बसला होता. माल आशियात जाणार, फळावर औषधाचा अंश किती चालतो याच्या प्रत्येक देशाच्या मर्यादा वेगळ्या आणि दोन प्लॉटच्या नोंदींत शेवटच्या फवारणीची तारीख लागत नव्हती. नाशिकला युरोपच्या मालासाठी मी हेच करत होते: प्लॉट क्रमांक, औषध, मात्रा, पीएचआय (शेवटची फवारणी ते तोडणी यांतले दिवस), एमआरएल (औषधाच्या अंशाची कमाल मर्यादा). संध्याकाळपर्यंत तक्ता लावून दिला. पुढच्या आठवड्यात त्याने बोलावलं आणि तिकडे नेमकी काय होतीस म्हणून विचारलं.

इथून कागदांचा खेळ सुरू होतो. 7 डिसेंबर 2024 पासून मालकाच्या स्पॉन्सरशिपवर मिळणाऱ्या 482 या कामाच्या व्हिसाचं नाव ‘स्किल्स इन डिमांड’ झालं. त्याच्या मुख्य यादीत 456 व्यवसाय आहेत. अ‍ॅग्रॉनॉमिस्ट (पीकतज्ज्ञ) त्यात आहे, द्राक्षं तोडणारा नाही. त्या व्यवसायाचा गेल्या पाच वर्षांतला किमान एक वर्षाचा पूर्णवेळ अनुभव लागतो. म्हणजे मिल्डुरात गाळलेला घाम हिशेबात नाही, नाशिकची नोकरी हिशेबात. पगारही जुलै 2025 ते जून 2026 मधल्या नॉमिनेशनला, म्हणजे मालकाने त्या पदासाठी तुमचं नाव देण्याला, वर्षाला किमान 76,515 डॉलर हवा होता, शिवाय त्याच कामाला ऑस्ट्रेलियन माणसाला मिळतो त्यापेक्षा कमी नको. छोट्या शेतमालकाच्या पोटात गोळा येतो तो इथे.

माझं घोडं अडलं अनुभवाच्या दाखल्यावर. नाशिकहून मिळालेलं पत्र असं: ‘सदर कर्मचारी आमच्याकडे कार्यरत होत्या. त्यांची वर्तणूक समाधानकारक होती. पुढील वाटचालीस शुभेच्छा.’ इथल्या वकिलाने ते बाजूला ठेवलं. त्याला पद, तारखा, आठवड्याचे तास, कामांचा तपशील आणि सही करणाऱ्याचा फोन हवा होता. जुन्या साहेबांना कितीदा फोन केले ते विचारू नका. बरं तर बरं, माझा पगार बँकेतून व्हायचा. माझ्याबरोबरच्या निम्म्या पोरांना अर्धा पगार रोख मिळत होता. त्यांनी आज काय दाखवायचं? म्हणून निघण्याआधी दाखला, पगारपत्रकं, बँकेचा उतारा आणि फॉर्म 16 घेऊनच विमानात बसा.

आता पैशांचं. स्पॉन्सर होण्याचे 420, नॉमिनेशनचे 330 आणि छोट्या व्यवसायाला दर वर्षामागे 1,200 डॉलरची प्रशिक्षण-लेव्ही, हे सगळं मालकाचं. लेव्ही तर तुमच्याकडून वसूल करायला कायद्याने बंदी आहे. व्हिसाची फी मात्र तीन हजारांच्या वर गेली आणि ती मीच भरली. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘स्पॉन्सरशिप मिळवून देतो, अमुक हजार डॉलर’ म्हणणारे आपलेच लोक असतात, मराठीतही बोलतात. असा व्यवहार इथे 2015 पासून बेकायदा आहे, घेणाऱ्यालाही आणि देणाऱ्यालाही.

अर्ज अडकून पडला असताना 462 ची मुदत संपली आणि मी ब्रिजिंग ए वर आले, म्हणजे निकाल लागेपर्यंत इथे राहू देणाऱ्या तात्पुरत्या व्हिसावर. त्यावर देशाबाहेर पडलं की परत येता येत नाही, त्यासाठी ब्रिजिंग बी वेगळा मागावा लागतो. चुलतभावाचं लग्न मी व्हिडिओ कॉलवर पाहिलं, काकू अजून फुगलेल्या आहेत.

व्हिसा आला तेव्हा बाबांनी विचारलं, “म्हणजे आता कायम केलं का?” नाही केलं. नोकरी सुटली तर दुसरा स्पॉन्सर शोधायला एका वेळी 180 दिवस मिळतात. स्पॉन्सरकडे दोन वर्षं भरली की कायमस्वरूपी 186 व्हिसासाठी मालक नाव देऊ शकतो. ‘शकतो’ म्हणजे द्यायलाच हवं असं नाही, हे बाबांना सांगितलंय. आईला अजून नाही.